पेरणी यंत्र ट्रॅक्टरमागे सरळ कसे चालेल?



आदिवासी गावांतील शेतकरी गटांना पेरणी यंत्र मिळावे म्हणून आपल्यापैकी पुष्कळांनी हातभार लावला आहे. यंत्र गावात पोहोचते, लहानशी प्रार्थना होते, सगळे मिळून फोटो काढतात. त्यानंतर जूनमध्ये शेतात काय घडते ते फोटोत येत नाही, आणि मंडळीतून विचारणा होते ती नेमकी त्याविषयी. यंत्र दिले, तरी बायका अजून दिवसभर निंदणाला का बसतात? उत्तर पुष्कळदा एका साध्या गोष्टीत सापडते. यंत्र ट्रॅक्टरच्या मागे सरळ चाललेले नसते. या अंकाच्या पाठात त्याचाच अभ्यास करू. ज्यांच्या घरी शेती नाही त्यांनाही समजावे म्हणून थोडे मुळापासून सांगतो.

उदाहरणाला मेळघाटातील धारणी तालुका घेऊ. अमरावती जिल्ह्याचा हा डोंगराळ भाग. सिपना, गडगा या नद्यांचे पाणी पुढे तापीला मिळते. शेतकरी मुख्यतः कोरकू. खोऱ्यात बरी काळी जमीन, वर चढत गेले की मुरमाड आणि गोट्यांची. खरिपात सोयाबीन, तूर, मका, ज्वारी. पूर्वी सगळी पेरणी बैलांच्या तिफणीने होई. तिफण हाकणारा मागून चाले, हात रुमण्यावर असे आणि तिफण जरा कलली की तो तिथल्या तिथे हाताने सावरी. ट्रॅक्टरवरचा माणूस पुढे बसतो, यंत्र त्याच्या पाठीमागे असते आणि त्याच्या हातात रुमणे नसते. जी सुधारणा तिफणकरी चालता चालता करी, ती ट्रॅक्टरच्या बाबतीत यंत्र जोडतानाच करून ठेवावी लागते.

सोयाबीनच्या दोन तासांत साधारण ४५ सेंटिमीटर अंतर ठेवतात. पेरणीनंतर अदमासे तिसऱ्या आठवड्यात पहिली डवरणी आणि महिन्याभराने दुसरी, फुलोरा येण्याच्या आत. डवऱ्याची पास फूटभर रुंद धरली, म्हणजे ३० सेंटिमीटर, तर दोन्ही बाजूंना रोपापर्यंत साडेसात सेंटिमीटर उरतात. तेवढ्यात बैल आणि डवरा खुशाल चालतात. पण कुठे तासांमधले अंतर ३५ वर आले, तर बाजूला अडीच सेंटिमीटरच राहतात आणि डवरा रोपे कापत जातो. शेतकरी मग त्या ओळीत डवरा घालतच नाही. तिथले तण हाताने काढावे लागते, नाहीतर तणनाशक विकत आणावे लागते. अंतर ६० झाले तर उलट होते. रिकाम्या पट्ट्यावर ऊन पडते आणि तण तिथे आधी माजते. निंदणाचे काम बहुतेक बायकांच्या वाट्याला येते, आणि ते नेमके अशा दिवसांत येते जेव्हा दुसऱ्याच्या शेतात मजुरी मिळत असते. वाकड्या पेरणीची किंमत कोण भरते हे यावरून ध्यानात येईल.

एक गोष्ट आधीच मोकळी करतो. तास दोरीसारखे सरळच हवे असा पुष्कळांचा आग्रह असतो. तो फार महत्त्वाचा नाही. एका फेरात यंत्राचे पाचही दाते एकत्र डावीकडे गेले आणि एकत्रच उजवीकडे आले, तर तास नागमोडी दिसतील, पण त्यांच्यातले अंतर ४५ च राहील. रोपाला त्याचे काही वाटत नाही, एकेरी डवऱ्यालाही नाही. खरी अडचण असते ती जोडाची. एका फेराचे शेवटचे तास आणि पुढच्या फेराचे पहिले तास यांच्यातले अंतर म्हणजे जोड. यंत्राच्या चौकटीवरची अंतरे पान्याने घट्ट आवळलेली असतात. जोडाचे अंतर मात्र चालकाच्या नजरेवर आणि यंत्राच्या जोडणीवर सोडलेले असते. म्हणून कुणाची पेरणी पाहायला गेलात तर धुऱ्यावर उभे राहून तास सरळ आहेत का ते बघू नका. टेप घ्या आणि जोड मोजा.

जोडणी

ट्रॅक्टरच्या मागे तीन ठिकाणी यंत्र धरले जाते. खाली दोन लिंक आणि वर मधोमध टॉप लिंक. खालच्या दोन लिंक मागे फाकलेल्या आणि पुढे जवळ आलेल्या असतात. त्यांच्या रेषा मनातल्या मनात पुढे वाढवा. त्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आसाच्या आसपास कुठेतरी एकमेकींना भेटतील. यंत्र जणू त्या ठिकाणाहून ओढले जात असल्यासारखे वागते आणि जमिनीत चालताना आपोआप मधोमध येऊ पाहते. ही रचना चांगली आहे, पण ती सगळ्या बाजूंना सारखी ओढ असली तरच काम देते. एका बाजूचे दाते खोल गेले, किंवा एखाद्या फणात धसकट अडकले, की त्या बाजूचा भार वाढतो, यंत्र तिरपे होते आणि ट्रॅक्टरलाही त्या बाजूला ओढ लागते. चालक स्टिअरिंग उलटे ओढून धरतो. दिवसभर असे चालले तर माणूस थकतो आणि जोड सुटतात.

तयारी सपाट जागेवर करावी. शाळेचे पटांगण किंवा खळे पुरते. आधी मागच्या दोन्ही टायरांतली हवा सारखी आहे का पाहावे. एका टायरात हवा कमी असेल तर ट्रॅक्टरच त्या बाजूला कलतो आणि मागचे यंत्रही कलते. मग कितीही पाने फिरवले तरी उपयोग नाही. पुष्कळ जण ही गोष्ट सर्वांत शेवटी पाहतात.

मग यंत्र जोडून हळूहळू खाली आणावे. सगळ्या फणांची टोके एकाच वेळी जमिनीला टेकली पाहिजेत. डावे-उजवे कमीजास्त असेल तर उजव्या बाजूच्या उचल दांड्यावरचा लेव्हलिंगचा हँडल फिरवून सारखे करावे. पुढेमागे कमीजास्त असेल तर टॉप लिंक. पुष्कळ यंत्रांत दाते दोन रांगांत, एक पुढे एक मागे असे लावलेले असतात. टॉप लिंक आखूड राहिली तर पुढची रांग खोल घुसते आणि मागची वरवर चालते. अशा शेतात आठवड्याने गेलात तर एकाआड एक तास उशिरा उगवलेले दिसते, आणि शेतकरी बियाण्याला दोष देत बसलेला असतो. सोयाबीन तीन ते पाच सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ नये. त्याचा कोंब नाजूक, वरची माती पावसाने दडपली की तो बाहेर येत नाही.

आता मध्य. यंत्राच्या चौकटीचा मध्य खडूने खुणावा. चौकटीच्या दोन्ही टोकांपासून त्या त्या बाजूच्या मागच्या टायरच्या आतल्या कडेपर्यंतचे अंतर मोजा. दोन्ही बाजूंना सारखे भरले पाहिजे. नसेल तर खालच्या लिंकना धरणाऱ्या दोन साखळ्या पाहा. त्यांवर फिरकीचा आटा असतो. एक सैल करून दुसरी आवळली की यंत्र बाजूला सरकते. मध्य साधला की दोन्ही सारख्या ताणाव्यात. नांगराला थोडे डुलणे चालते, पेरणी यंत्राला नाही. उचललेले यंत्र हाताने बाजूला ढकलून पाहिले तर दोन बोटांपेक्षा जास्त हलू नये. पण साखळी तारेसारखीही ताणू नये. काही ट्रॅक्टरांवर यंत्र वर उचलले की साखळीवर ताण वाढतो, काहींवर खाली आणले की. म्हणून आवळल्यावर यंत्र दोनदा पूर्ण वर आणि पूर्ण खाली करून पाहावे, नाहीतर साखळी तुटते किंवा तिचा हूक वाकतो.

लिंकच्या टोकाचे गोळे झिजले असतील, पिना बारीक झाल्या असतील, तर साखळ्या ताणूनही यंत्र लटपटते. पिनेऐवजी सळईचा तुकडा किंवा बोल्ट घातलेला मी अनेक गावांत पाहिला आहे. पिनेला खर्च फारसा नसतो. ती बदलावी.

शेवटी दाते. प्रत्येक दात्याच्या टोकापासून शेजारच्या टोकापर्यंत मोजावे. वर चौकटीवर नव्हे, खाली टोकाशी. गोट्याला अडकून वाकलेला दाता वर बरोबर दिसतो आणि खाली चार सेंटिमीटर सरकलेला असतो. मेळघाटासारख्या जमिनीत हे दर वर्षी होते, म्हणून स्प्रिंगचे दाते असलेले यंत्र तिथे जास्त टिकते असे माझे मत आहे.

हायड्रोलिकचा एक मुद्दा राहिला. दोन लिव्हर असतात. नांगरटीला वापरतात तो ओढ पाहून उंची बदलणारा ड्राफ्ट कंट्रोल पेरणीला लावू नये. जमीन जरा घट्ट लागली की तो यंत्र वर उचलतो, बी उघडे पडते, आणि बी सोडणारे काटेरी चाकही जमीन सोडते म्हणून मध्येच खाडे पडतात. पोझिशन कंट्रोल वापरून एकदा उंची ठरवावी आणि लिव्हरच्या खुणेवर आडवा स्क्रू बसवून टाकावा.

मार्कर

पेरणी यंत्राच्या बाजूला एक लांब दांडा आणि टोकाला तवा किंवा फण असतो. पुढच्या फेरासाठी तो जमिनीवर रेघ मारतो. हा मार्कर पुष्कळ गावांत काढून कोपऱ्यात ठेवलेला सापडतो, कारण त्याची लांबी किती ठेवायची हे कुणी शिकवलेले नसते. हिशेब अवघड नाही.

समजा पाच दाती यंत्र आहे, अंतर ४५. एका फेरात पाच वेळा ४५, म्हणजे २२५ सेंटिमीटर रुंदी होते. पुढच्या फेराचा मध्य या फेराच्या मध्यापासून २२५ वर हवा. मध्यापासून शेवटचा दाता ९० सेंटिमीटरवर आहे. तेव्हा शेवटच्या दात्यापासून मार्करची रेघ १३५ वर पडली पाहिजे. ही झाली ट्रॅक्टरचा मध्य, म्हणजे नाक, रेघेवर ठेवून चालवायची पद्धत. पण बॉनेटवरून खालची रेघ नीट दिसत नाही, म्हणून बहुतेक चालक पुढचे चाक रेघेवर ठेवतात. परत येताना पेरलेल्या बाजूचे चाक रेघेवर घ्यायचे. पुढच्या दोन चाकांच्या मध्यांतले अंतर मोजा. ते १३० असेल तर त्याचे निम्मे, ६५, वजा करा. १३५ मधून ६५ गेले, उरले ७०. शेवटच्या दात्यापासून ७० सेंटिमीटरवर मार्कर बसवा. दोन्ही बाजूंना सारखा.

जोड काय सांगतो

चार-सहा फेर झाले की ट्रॅक्टर थांबवून लागोपाठचे जोड मोजावे आणि कागदावर लिहावे. त्या आकड्यांत दोष कुठे आहे ते दिसते.

जोड एक लहान, एक मोठा, पुन्हा लहान, पुन्हा मोठा असे आले, तर यंत्र ट्रॅक्टरच्या मध्यावर नाही, किंवा दोन बाजूंचे मार्कर सारखे नाहीत. एका गावात ३८, ५२, ३८, ५२ असे आकडे आले होते. चालकाला सगळे बोलत होते. तो बिचारा रेघ सोडत नव्हता. मार्कर मोजले तर सारखे भरले. यंत्राचा मध्य मोजला तर ते ७ सेंटिमीटर उजवीकडे सरकलेले. जाताना यंत्र एका दिशेला सरकलेले असते, वळून येताना त्याच बाजूला पण उलट्या दिशेला; म्हणून एक जोड ७ ने कमी आणि पुढचा ७ ने जास्त. डावीकडची साखळी दोन आटे सैल होती, उजवीकडची आखडलेली. दहा मिनिटांचे काम होते. तोवर दोन एकर पेरून झाले होते.

सगळेच जोड सारखे मोठे किंवा सारखे लहान असतील, तर मार्करची लांबी चुकली. जितका फरक तितका मार्कर आतबाहेर करावा.

आणि आकड्यांना काही ताळच नसेल, एकाच जोडात इथे ४०, पुढे ५५, तर साखळ्या सैल आहेत, पुढच्या चाकांच्या सांध्यांत खेळ आहे, किंवा वेग जास्त आहे. पेरणीला ताशी तीन ते पाच किलोमीटर पुरे. माणूस भरभर चालला तर जेवढा वेग होतो तेवढाच. इथे एक व्यवहाराची अडचण सांगितली पाहिजे. भाड्याचा ट्रॅक्टर एकराच्या हिशेबाने पैसे घेतो आणि पाऊस पडल्यावर चार-पाच दिवसांत सगळ्या गावाला तोच हवा असतो. तो भरधाव नेणारच. त्याला दोष देण्यापेक्षा गटाने पेरणीचे भाडे तासावर ठरवावे, असे मला वाटते. काही जण ऐकतात.

उताराची जमीन

उतारावर पेरणी आडवी करावी, माती वाहू नये म्हणून. पण आडवे चालताना यंत्र आपल्या वजनाने खालच्या बाजूला घसरते. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा खालीच. म्हणून इथे जोड एकाआड एक कमीजास्त होत नाहीत. वरून खाली पेरत आलात तर सगळे जोड मोठे होतात, खालून वर गेलात तर सगळे लहान. वरून खाली येताना जोड ४५ ऐवजी ५० भरत असेल तर मार्कर दोन्ही बाजूंना ५ सेंटिमीटर आत घ्यावा. साखळ्या अशा शेतात नेहमीपेक्षा नीट ताणलेल्या हव्यात आणि वेग कमी. बांधाला समांतर वळण घेत पेरायचे असेल तर खुशाल घ्यावे; वर म्हटलेच आहे, वळणदार तासाने बिघडत नाही. उतार जास्त असेल तिथे मात्र ट्रॅक्टर नेऊच नये. तिथे तिफण बरी, आणि ट्रॅक्टर उलटण्याचा धोकाही नको.

चालवताना

पहिला फेर सगळ्यांत लांब आणि सरळ बांधाच्या कडेने घ्यावा, कारण पुढचे सगळे फेर त्याचीच नक्कल करतात. पलीकडच्या धुऱ्यावर काठीला फडके बांधून ठेवावे, आणि शक्य असेल तर मध्ये दुसरी काठी. दोन काठ्या एकमेकींच्या आड राहतील असे चालवावे. नजर दूर ठेवावी; बॉनेटच्या पुढची माती पाहणारा चालक सतत स्टिअरिंग हलवत राहतो.

नांगराला हात घालून मागे पाहणाऱ्याविषयीचे लूकच्या शुभवर्तमानातले वचन आपल्या सर्वांना ठाऊक आहे. हलका नांगर एका हाताने धरणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा अर्थ लगेच कळे, कारण मान वळली की तास वळतेच. ट्रॅक्टरच्या पेरणीत मात्र कुणीतरी मागे पाहणे गरजेचे आहे. नळी तुंबली, बी पडायचे थांबले, धसकट अडकले, हे चालकाला दिसत नाही. म्हणून दुसरा माणूस यंत्राच्या मागून चालत ठेवावा आणि चालकाने पुढेच पाहावे. तो माणूस चालत असावा, यंत्रावर उभा नव्हे. पेटीत बी सारखे करायला पोरे यंत्रावर चढून उभी राहतात, आणि धक्का बसला की दात्यांत किंवा चाकाखाली जातात. हे कोणत्याही कारणाने चालवून घेऊ नये. औषध चोळलेले बी हाताळताना हातमोजे घालावेत.

धुऱ्यावर वळायला दोन फेरांची जागा सोडावी आणि ती शेवटी पेरावी. वळण घेण्याआधी यंत्र उचलावे. जमिनीत असताना वळवले की दाते वाकतात. वळून आल्यावर ट्रॅक्टर आणि यंत्र दोन्ही सरळ झाल्यावरच ते खाली सोडावे, तेही ट्रॅक्टर पुढे सरकत असताना. उभ्या ट्रॅक्टरवर सोडले, किंवा सोडलेले असताना मागे घेतले, तर फणामागच्या नळीत माती भरते आणि एक तास पुढच्या धुऱ्यापर्यंत बिनबियाचे जाते. ते दहा दिवसांनी, उगवण झाल्यावर कळते.

आपल्या मदतीविषयी

यंत्रासाठी देणगी देताना त्यासोबत काय हवे, असे काही जण विचारतात. पाच मीटरचा टेप, पिनांचा जादा संच, चौकटीच्या बोल्टला बसणारे दोन पाने, हवा मोजायचे मीटर आणि दोन्ही बाजूंचे मार्कर. त्याहून महत्त्वाचा म्हणजे मे महिन्यातला एक दिवस, ज्या दिवशी ट्रॅक्टरचा चालक, गटातले दोन शेतकरी आणि निंदणाला जाणाऱ्या दोन बायका एकत्र येतील. बायकांना बोलवायचे कारण असे, की कुठल्या शेतात डवरा चालला नाही हे त्यांना नेमके आठवते.

त्या दिवशी बी भरायची गरज नाही. मशागत झालेल्या कोरड्या शेतात यंत्र रिकामे चालवायचे. एक फेर, वळण, दुसरा फेर, असे सहा फेर. मग टेप धरून पाच जोड मोजायचे, प्रत्येक जोड तीन ठिकाणी. आकडे यंत्राच्या पेटीच्या झाकणावर आतून रंगाने लिहून ठेवायचे, आणि साखळीचे किती आटे बाहेर आहेत व मार्कर किती लांबीवर आहे तेही. मृगाचा पाऊस आला, ७५ ते १०० मिलिमीटर पडून जमिनीत ओल उतरली, आणि सगळ्यांना एकाच दिवशी पेरायचे असले, की तेव्हा मोजत बसायला कुणाला वेळ नसतो. झाकण उघडून आकडे वाचायला मात्र मिनिट पुरते.